पिंजऱ्यापुढे पाऊण तास

मे महिन्याची सुट्टी संपली की घरोघरी फोटो दाखवण्याचा कार्यक्रम होतो. पूर्वी तो अल्बम मांडीवर घेऊन व्हायचा, आता मोबाइल हातोहात फिरतो, एवढाच फरक. त्यात प्राणिसंग्रहालयाच्या सहलीचे फोटो आले की पुढचा संवाद ठरलेला असतो. "हा बघ वाघ!" "कुठाय?" "अरे तो काय, गजांच्या मागं, डाव्या कोपऱ्यात पिवळं पिवळं दिसतंय ना, तो!" पाहणारा भिडेखातर "हो, हो" म्हणतो. पुढच्या फोटोत काचेवर फ्लॅशचा पांढरा गोळा असतो आणि त्याच्या आड कुठंतरी अजगर. त्याच्या पुढच्यात हरणाची पाठ. मग कुणीतरी विषय बदलतं आणि चहा येतो.

गेली तीसेक वर्षं मी हौसेनं प्राण्यांचे फोटो काढतो. ताडोबा-पेंचला जायची सवड आणि ऐपत दरवेळी कुठून आणायची? म्हणून माझा बराचसा सराव झाला तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत आणि पुण्याच्या कात्रजला. सुरुवातीच्या काळात छत्तीस फोटोंचा एक रोल महिनाभर पुरवावा लागे. बटण दाबण्याआधी दहादा विचार व्हायचा आणि त्या दहा विचारांच्या वेळात प्राणी आपोआप नीट पाहिला जायचा. आज दिवसाला पाचशे फोटो फुकट निघतात, तरी त्या रोलनं लावलेली सवय मला अजून उपयोगी पडते. चांगल्या फोटोला महाग कॅमेरा लागतो, हा समज खोटा आहे. त्याला योग्य वेळ लागते, योग्य जागा लागते आणि थांबण्याची तयारी लागते. या तिन्ही गोष्टी प्रवेशाच्या तिकिटातच येतात.

वेळ कोणती गाठाल?

आपल्याकडची कुटुंबं जेवणखाण आटोपून, डबे भरून दुपारी बाराच्या सुमाराला प्राणिसंग्रहालयात पोचतात. फोटोच्या दृष्टीनं याहून वाईट मुहूर्त नाही. वाघ-सिंह-बिबटे दिवसातले बरेच तास झोपून काढतात, त्यातही भर दुपारी तर हमखास. ऊन डोक्यावर असल्यानं प्राण्याच्या कपाळाची सावली डोळ्यांवर पडते आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे उमटतात.

दार उघडताच आत शिरा. सकाळच्या गारव्यात प्राणी हिंडत असतात, कोवळं ऊन तिरपं येतं आणि गर्दी नसते. दुसरी चांगली वेळ बंद होण्याआधीच्या दीड-दोन तासांची. पावसाळ्यात तर अवश्य जा. ढगाळ हवेत आभाळभर पांढरं कापड ताणल्यासारखा मऊ उजेड असतो, सावल्या बोचत नाहीत आणि हिरवाई आयती मिळते. (भायखळा आणि कात्रज, दोन्ही ठिकाणी आठवड्याची सुट्टी बुधवारी असते, हे निघण्यापूर्वी लक्षात असू द्या.)

आत गेल्यावर आधी तिथल्या रखवालदाराशी दोन शब्द बोला. खाणं कधी देतात, कोणता प्राणी सकाळी कुठं बसतो, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. खाण्याची वेळ जवळ आली की वाघ दाराकडे कान टवकारून बघत बसतो. फोटो घ्यावा तो तेव्हाच. खाऊन झालं की तो आडवा होतो आणि मग तुमचं काम संपलं.

गज आणि काच

डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर पेन्सिल उभी धरा आणि समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचा. पेन्सिल धूसर होते. ती आणखी जवळ आणा, ती जवळजवळ नाहीशी होते. जाळी 'गायब' करण्याची सगळी विद्या एवढीच आहे. जाळी लेन्सच्या जितकी जवळ आणि प्राणी जाळीपासून जितका दूर, तितकी जाळी विरघळते. म्हणून प्राणी जाळीला अंग घासत चालला असेल, तर घाई करू नका. तो मागं जाऊन बसेपर्यंत थांबा. कॅमेऱ्याला झूम असेल तर ते पुरतं लांबवा आणि अ‍ॅपर्चर होईल तितकं उघडं ठेवा, म्हणजे त्याचा आकडा जितका लहान ठेवता येईल तितका लहान.

जाळीवर ऊन पडलं असेल तर मात्र ती काही केल्या लपत नाही, पांढरी झळाळी बनून फोटोभर पसरते. दोन पावलं सरकून झाडाच्या सावलीतला जाळीचा भाग शोधा. मोठ्या पक्षिगृहात जिथं जाळीपर्यंत जाण्याची मुभा असते, तिथं बरोबरच्या मंडळींपैकी कुणाला तरी छत्री धरायला सांगावं. मोबाइलची लेन्स इवलीशी असते, त्यामुळं अशा ठिकाणी ती जाळीच्या भोकापाशी नेमकी बसते आणि मोठ्या कॅमेरेवाल्यांना हेवा वाटेल असा फोटो मिळतो.

आता काच. १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं. त्यानंतर देशभर जुने अरुंद पिंजरे मागं पडत गेले आणि खंदक, झाडी, काचेच्या भिंती आल्या. राणीच्या बागेत २०१६ साली हम्बोल्ट पेंग्विन आले आणि मार्च २०१७ पासून लोक ते काचेतून पाहू लागले. काचेपुढचा पहिला नियम असा की फ्लॅश बंद. काचेवरून तो तसाच परत येतो आणि प्राण्यालाही त्रास होतो. दुसरा, रुमालानं काचेवरचे बोटांचे ठसे पुसा. तिसरा, कॅमेरा काचेला अलगद टेकवा आणि भोवती हाताची ओंजळ किंवा काळी ओढणी धरा. पांढरा शर्ट घालून गेलात तर वाघाच्या पोटावर तुमचाच शर्ट उमटेल, म्हणून गडद कपडे घालावेत. काचेवर टकटक मात्र कुणीच करू नये, मुलांनीही नाही आणि मुलांच्या वडिलांनीही नाही.

डोळा धारदार हवा

फोटोत शेपटी धूसर झाली तरी चालते, पण डोळा धूसर झाला तर फोटो गेला. फोकस डोळ्यावरच हवा. मोबाइलवर बोट डोळ्याच्या जागी दाबून धरलं की फोकस तिथं पक्का होतो. त्या डोळ्यात आभाळाचा एक ठिपका चमकला, तर प्राणी जिवंत वाटतो. तो ठिपका येईपर्यंत थांबावं.

दुसरी गोष्ट पातळीची. कासवाचा फोटो उभ्यानं काढला तर नुसती ढाल दिसते. गुडघे टेकून काढला तर कासवाचा चेहरा दिसतो. लहान मुलांचे फोटो कित्येकदा मोठ्यांपेक्षा सरस येतात, कारण त्यांची उंचीच बरोबर असते. मागची बादली, नळ, सूचनाफलक हे सगळं एक पाऊल डावीकडे किंवा उजवीकडे सरकलं की झाडामागं जातं. शटर दाबण्याआधी चौकटीच्या चारही कोपऱ्यांवरून एकदा नजर फिरवा.

कॅमेऱ्याचा एक भाबडेपणाही ठाऊक हवा. त्याला सारं जग मध्यम करड्या रंगाचं वाटतं. म्हणून पांढरा वाघ किंवा पांढरा मोर मळकट उमटतो आणि काळं अस्वल राखेत लोळल्यासारखं दिसतं. पांढऱ्यासाठी उजेड थोडा वाढवा, काळ्यासाठी थोडा कमी करा. मोबाइलवर बोट वर-खाली सरकवून हे होतं. स्वस्थ पडलेल्या मगरीला शटरचा कोणताही वेग चालतो. उड्या मारणाऱ्या माकडाला सेकंदाचा पाचशेवा भाग तरी हवा, उडत्या पक्ष्याला हजारावा. चिमटीनं वाढवायचं झूम मात्र टाळा. त्यानं वाघ जवळ येत नाही, फक्त फोटो फाटतो.

कठड्याच्या अलीकडे

डिसेंबर २००७ मध्ये गुवाहाटीच्या प्राणिसंग्रहालयात एका माणसानं वाघांचा जवळून फोटो मिळावा म्हणून कठडा ओलांडून गजांजवळ हात नेला. वाघिणीनं तो हात तोडला आणि तो माणूस कुटुंबीयांच्या डोळ्यांदेखत गंभीर जखमी होऊन पुढं मरण पावला. कठडा आणि पिंजरा यांच्यामधली ती रिकामी जागा उगाच सोडलेली नसते. मुलाला कठड्यावर बसवून काढलेला फोटो कितीही गोड आला, तरी तो काढू नये.

स्वित्झर्लंडमधल्या प्राणिसंग्रहालयांचे संचालक राहिलेले प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगर यांनी गेल्या शतकात एक गोष्ट नीट मांडून दाखवली. प्रत्येक रानटी प्राण्याचं परक्यापासून सुटकेचं असं एक अंतर ठरलेलं असतं. कुणी त्याच्या आत आलं की तो दूर सरकतो. हरणाची पाठच का मिळते, याचं उत्तर इथं आहे. आपण हाका मारत, खडे टाकत, घोळक्यानं पुढं सरसावतो आणि ते तोंड फिरवतं. एकटं, हळू, थोडं मागं उभं राहिलं तर तेच हरीण पाच-दहा मिनिटांत वळून बघतं. शिवाय प्राण्यांना डिवचणं, खायला घालणं किंवा गोंगाटानं त्रास देणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३८-जे खाली गुन्हा आहे. पण कायद्याची आठवण करून देण्याची वेळ यावी कशाला? ओरडून वळवलेल्या माकडाच्या फोटोत त्याचं वैतागलेलं तोंड तेवढं येतं.

एखादा वाघ किंवा अस्वल एकाच रेषेत येरझारा घालताना दिसतं. छायाचित्रकाराला हे सोयीचं असतं. कुठं वळणार ते आधीच कळतं, तिथं फोकस लावून ठेवला की झालं. मीही असे फोटो काढले आहेत. पण ही न थांबणारी येरझार बहुतेकदा कोंडलेपणाची आणि कंटाळ्याची खूण असते, हे मुलांना तिथंच सांगावं. "बघ, कसा ऐटीत चालतोय!" असं म्हणून पुढं जाऊ नये. थांबणाऱ्यालाच हा फरक कळतो, कारण पहिल्या दोन मिनिटांत चाल दिसते आणि विसाव्या मिनिटाला तिच्यातला तोचतोपणा दिसतो.

खरं काय ते लिहा

इतक्या युक्त्या वापरून गज लपवले, काच लपवली, बादली लपवली, तर फोटो जंगलातला वाटू लागतो. इथं मोह होतो. २००९ सालच्या एका प्रतिष्ठेच्या आंतरराष्ट्रीय वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत कुंपणावरून उडी मारणाऱ्या लांडग्याला पहिलं बक्षीस मिळालं होतं. लांडगा शिकवलेला, माणसाळलेला असावा असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला आणि जानेवारी २०१० मध्ये बक्षीस काढून घेतलं. छायाचित्रकारानं आरोप नाकारला, पण निर्णय बदलला नाही. आपण काही स्पर्धेत उतरत नाही. तरीही मित्रमंडळींत फोटो फिरवताना 'कात्रज' हा शब्द लिहायला काय हरकत आहे? त्यानं वाघाची शान कमी होत नाही.

आणि प्राणिसंग्रहालयातला फोटो काही दुय्यम दर्जाचा नसतो. दक्षिण आफ्रिकेत क्वागा नावाचा प्राणी होता. पुढून झेब्र्यासारखे पट्टे आणि मागून घोड्यासारखा तपकिरी. जिवंत क्वागाचे जगात जे मोजके फोटो आहेत, ते सगळे १८६० च्या दशकाच्या आसपास लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या एकाच मादीचे आहेत. १२ ऑगस्ट १८८३ रोजी अ‍ॅमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात शेवटची क्वागा मेली, तेव्हा ती शेवटची आहे हेही कुणाला ठाऊक नव्हतं. टास्मानियाच्या पट्टेरी थायलसिनची गोष्ट तशीच. १९३३ साली डेव्हिड फ्ले नावाचे निसर्गअभ्यासक होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात त्याच्या पिंजऱ्यात शिरून चित्रफीत काढत होते, तर त्या प्राण्यानं मागून येऊन त्यांच्या बैठकीचा चावा घेतला. बिचाऱ्यांना किती दिवस बसता आलं नसेल कोण जाणे! पण ७ सप्टेंबर १९३६ ला तिथला शेवटचा थायलसिन मेला. तो कसा चालायचा, जांभई देताना जबडा किती उघडायचा, हे आज आपल्याला कळतं ते अशा चित्रफितींमुळंच.

तेव्हा पुढच्या वेळी साऱ्या बागेला धावती प्रदक्षिणा घालण्याऐवजी एकच प्राणी निवडा. मुलांना सोबत बसवा, डबा तिथल्याच सावलीत नंतर उघडा आणि पिंजऱ्यापुढं पाऊण तास द्या. पन्नास फोटोंतले दोन ठेवा, बाकीचे त्याच संध्याकाळी पुसून टाका. ठेवलेल्या दोहोंचे कागदी फोटो करून घ्या. मागं प्राण्याचं नाव, जागा, तारीख आणि तो त्या वेळी काय करत होता, ते मुलांच्या अक्षरात लिहून ठेवा. म्हणजे "वाघ कुठाय?" असं पुन्हा कुणी विचारणार नाही.