अंतरींचें मौन आणि मेंदूचा व्यापार

'मन शांत ठेवा' हा उपदेश करणें जितकें सोपें, तितकेंच तो आचरणांत आणणें अवघड. दिवसभराचें काम आटोपून, दिवा मालवून माणूस अंथरुणाला पाठ टेकतो. हातपाय स्वस्थ पडतात, रस्त्यावरची रहदारीहि थांबते. पण नेमक्या त्याच वेळीं डोक्यांत एक सभा भरते. सकाळीं कचेरींत वरिष्ठ काय बोलले, त्यांना कोणतें उत्तर द्यावयास हवें होतें, मुलाच्या शिक्षणाचें कसें होणार, दहा वर्षांपूर्वीं कोणी केलेला अपमान, असे एकामागून एक वक्ते उठतात. आणि सभेला अध्यक्ष मात्र नसतो. या सभेनें जो त्रासला आहे, त्याची बहुधा अशी समजूत असते कीं मेंदूचें काम थांबलें म्हणजे मनाला मौन लाभेल. ही समजूत कितपत खरी आहे, याचा निर्णय गेल्या शंभर वर्षांतील प्रयोगांवरून पुष्कळसा करतां येतो.

जर्मनींतील येना येथील मानसरोगतज्ज्ञ हान्स बर्गर यांनीं १९२४ सालीं माणसाच्या मेंदूंतील विजेच्या सूक्ष्म लहरी यंत्राच्या साह्यानें प्रथम टिपल्या आणि १९२९ सालीं आपलें संशोधन प्रसिद्ध केलें. जागा परंतु स्वस्थ असा माणूस डोळे मिटून बसला, कीं सेकंदाला सुमारें दहा या गतीनें एक संथ लहर उमटूं लागते. ग्रीक वर्णमालेंतील पहिल्या अक्षरावरून तिला 'अल्फा' हें नांव मिळालें. डोळे उघडले, किंवा एखादें अवघड गणित तोंडीं सोडवावयास दिलें, कीं ती लहर मावळते. म्हणजे विश्रांतीच्या वेळींहि मेंदू निश्चल नसतो. त्याच्या कामाची लय तेवढी पालटते.

खर्चाचा हिशेब पाहिला तरी हीच गोष्ट दिसून येते. मेंदूचें वजन शरीराच्या वजनाच्या शेंकडा दोन इतकेंच भरतें. पण स्वस्थ पडलेल्या माणसाच्या शक्तीपैकीं सुमारें शेंकडा वीस शक्ति एकटा मेंदू खातो. १९५५ सालीं अमेरिकेंत लुई सोकोलॉफ व त्यांचे सहकारी यांनीं असें दाखवून दिलें कीं, मनांत हिशेब करतांना मेंदूला लागणारा एकूण प्राणवायु स्वस्थ असतांना लागणाऱ्या प्राणवायूहून फारसा वाढत नाहीं. मग रिकाम्या वेळीं हा एवढा खर्च कोणत्या कामीं लागतो? सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत मार्कस रायकल यांनीं २००१ सालीं या प्रश्नाचा कांहीं उलगडा केला. मेंदूच्या मध्यरेषेजवळचे पुढचे व मागचे कांहीं भाग माणूस एखाद्या कामांत गुंतला कीं मंदावतात, आणि काम संपलें कीं पुन्हां जोरानें चालूं लागतात. दुसरें काम नसतांना मेंदू आपोआप जिच्याकडे वळतो, त्या या अवस्थेला त्यांनीं 'डीफॉल्ट' अवस्था असें म्हटलें. गुरुजी वर्गाबाहेर गेले कीं मुलांचा गलबला सुरू व्हावा, तसा हा प्रकार आहे.

या गलबल्याचा विषय बहुतेक एकच असतो, आणि तो म्हणजे 'मी'. माझें काल काय झालें, उद्यां काय होईल, लोक मला काय म्हणतील, याची उजळणी हे भाग करीत असतात. ही उजळणी निरुपयोगी नाहीं. तिच्यावांचून पुढचे बेत आंखतां येणार नाहींत, कीं दुसऱ्याचें मनहि ओळखतां येणार नाहीं. परंतु तिचें प्रमाण मोठें आहे आणि तिची किंमतहि द्यावी लागते. हार्वर्ड विद्यापीठांतील मॅथ्यू किलिंग्जवर्थ व डॅनियल गिल्बर्ट यांनीं २,२५० प्रौढ माणसांना दिवसांतून निरनिराळ्या वेळीं फोनद्वारें प्रश्न विचारून २०१० सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, जवळजवळ शेंकडा ४७ वेळां त्यांचें मन हातांतील कामावर नव्हतें. आणि मन भटकत असतांना तीं माणसें कमी सुखी होतीं.

ज्यांना खिन्नतेचा विकार जडलेला असतो त्यांची अवस्था याहून कठीण असते. इव्हेट शेलीन व त्यांचे सहकारी यांनीं २००९ सालीं दाखविलें कीं, निरोगी माणसाचे जे भाग बाहेरच्या कामाच्या वेळीं मंदावतात, ते अशा रोग्यांत तितकेसे मंदावत नाहींत. गुरुजी वर्गांत परत आले तरी गलबला चालूच राहतो. गाय रवंथ करते ती खाल्लेला चारा पचविण्यासाठीं. खिन्न मन जें रवंथ करतें त्यांतून पोषण कांहींच मिळत नाहीं, केवळ कडूपणा वाढतो.

हा रवंथ सरावानें कमी करतां येतो काय, या प्रश्नाकडे भारतांतहि शास्त्रीय दृष्टीनें लक्ष दिलें गेलें. बर्गर यांच्या पहिल्या प्रयोगाच्याच वर्षीं, १९२४ सालीं, स्वामी कुवलयानंद यांनीं लोणावळें येथें योगाचा प्रयोगशाळेंत अभ्यास करण्यासाठीं कैवल्यधाम स्थापन केलें. पुढें दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंतील आनंद, छिना व बलदेव सिंग यांनीं १९६१ सालीं योग्यांच्या मेंदूलहरींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ध्यानस्थ योग्याजवळ मोठा आवाज केला किंवा प्रखर प्रकाश पाडला, तरी त्याच्या अल्फा लहरी मोडल्या नाहींत. तपासलेले योगी मोजकेच होते, म्हणून त्यावरून मोठे सिद्धांत काढणें बरोबर नव्हे. पण तें मौन मेंदू बंद पडल्याचें नव्हतें, एवढें त्यावरून स्पष्ट झालें. २०११ सालीं येल विद्यापीठांतील जडसन ब्रूअर यांना दीर्घ काळ ध्यान केलेल्या माणसांत 'मी'च्या उजळणीचे मुख्य भाग अधिक मंद आढळले. अंतरींच्या मौनांत जर कांहीं निवत असेल, तर ती ही उजळणी होय.

या ज्ञानाचा उपयोग रुग्णांसाठींहि झाला. अमेरिकेंत जॉन कॅबट-झिन यांनीं १९७९ सालीं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयांत दीर्घ व्याधींनीं पीडलेल्यांसाठीं अवधानाचा अभ्यासक्रम सुरू केला. त्याची मुदत आठ आठवड्यांची झाली. तोच धागा धरून टीझडेल, सीगल व विल्यम्स यांनीं वारंवार खिन्नतेचा झटका येऊन बऱ्या झालेल्या १४५ रुग्णांवर प्रयोग करून २००० सालीं निष्कर्ष मांडले. तीन किंवा अधिक झटके येऊन गेलेल्यांपैकीं, नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांत शेंकडा ६६ जणांना विकार उलटला. हा अभ्यास केलेल्यांत तें प्रमाण शेंकडा ३७ वर आलें. ज्यांना दोनच झटके येऊन गेले होते, त्यांना मात्र असा लाभ दिसला नाहीं.

या अभ्यासांत विचार थांबवावयास मुळींच शिकवीत नाहींत. श्वासावर लक्ष ठेवावें. तें सुटलें कीं सुटलें असें ओळखावें. आणि स्वतःला न रागावतां तें परत आणावें, एवढाच पाठ. 'मी नालायक आहें' असा विचार आला, तर हा केवळ एक विचार आहे, न्यायाधीशाचा निकाल नव्हे, हें रुग्ण हळूहळू ओळखूं लागतो. वक्ते बोलतच असतात. पण प्रत्येक भाषणाला उठून उत्तर देण्याचें बंधन सुटतें, आणि पुष्कळसें दुःख त्या बंधनांतूनच जन्मलेलें असतें.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. तीव्र खिन्नता, मोठा मानसिक आघात किंवा भ्रम यांनीं ग्रासलेल्या माणसाला डोळे मिटून एकटें बसणें कधीं कधीं अधिक त्रासदायक होतें. अशा माणसाला 'ध्यान कर, बरें वाटेल' असें सांगून मोकळें होणें ही निष्ठुरताच होय. त्याला वैद्याकडे नेलें पाहिजे, आणि चालू असलेलें औषध वैद्याच्या सल्ल्यावांचून सोडूं नये. पण ज्यांची पीडा रोजच्या रवंथाची आहे, अशा श्रोत्यांनीं दिवसांतून दहा मिनिटें हा पाठ करून पाहावा. पहिल्या आठवड्यांत लक्ष शंभर वेळां सुटेल. तें शंभर वेळां परत आणणें हाच अभ्यास आहे, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे निराश होण्याचें कारण उरत नाहीं.