खाजगी ब्राउझिंग
संकेतस्थळांना दिलेल्या भेटींची नोंद वापरकर्त्याच्या संगणकात वा मोबाइलमध्ये मागे राहू नये, म्हणून ब्राउझरमध्ये केलेली सोय. निरनिराळ्या ब्राउझरांत तिला ‘प्रायव्हेट’, ‘इनप्रायव्हेट’, ‘इन्कॉग्निटो’ अशी नावे आहेत. ही सोय उपकरणावरील खुणा पुसते. राउटर, इंटरनेट सेवा पुरविणारी कंपनी व संकेतस्थळ येथे उमटणाऱ्या खुणांवर तिचा अंमल चालत नाही. एकाच जोडणीवर सारे कुटुंब अवलंबून असलेल्या घरात हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो.

इतिहास : ॲपल कंपनीच्या सफारी या ब्राउझरात ही सोय २००५ मध्ये आली. त्यानंतर २००८ मध्ये गूगलच्या क्रोममध्ये आणि २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोअररच्या आठव्या आवृत्तीत व मोझिलाच्या फायरफॉक्समध्ये ती उपलब्ध झाली. स्टॅनफर्ड व कार्नेगी मेलन या अमेरिकन विद्यापीठांतील संशोधकांनी २०१० मध्ये या सोयीचा पद्धतशीर अभ्यास केला. तोच संगणक पुढे हाताळणाऱ्या व्यक्तीपासून संरक्षण व संकेतस्थळापासून संरक्षण ही दोन भिन्न उद्दिष्टे असल्याचे त्यांनी स्पष्ट केले. ब्राउझरला जोडलेल्या पूरक कार्यक्रमांमुळे काही खुणा मागे राहू शकतात, असेही त्यांना आढळले.

कार्यपद्धती : नेहमीच्या वापरात ब्राउझर भेटींचा इतिहास, पृष्ठांच्या तात्पुरत्या प्रती आणि ‘कुकी’ या नावाच्या ओळखखुणा साठवितो. खाजगी खिडकीत यांपैकी काहीही कायम ठेवले जात नाही. अशी शेवटची खिडकी बंद होताच ते टाकून दिले जाते. उतरवून घेतलेल्या फायली व जतन केलेल्या वाचनखुणा मात्र तशाच राहतात. घरात एकच संगणक अनेक जण वापरीत असल्यास ही सोय उपयुक्त असते. एकाचे खाते दुसऱ्यासमोर उघडे राहत नाही व आधी कोणी काय शोधले, हे ब्राउझरमधून कळत नाही.

गृहजालातील मार्ग : घरातील प्रत्येक उपकरणास राउटर एक अंतर्गत पत्ता देतो, तो बहुधा १९२.१६८ या अंकांनी सुरू होतो. बाहेरच्या जगाला सामान्यतः साऱ्या घराचा मिळून एकच पत्ता दिसतो व कोणते उत्तर कोणत्या उपकरणाचे, हे राउटर ठरवितो. खिडकी खाजगी असो वा नसो, मागणी याच वाटेने जाते. ती कोणत्या प्रकारच्या खिडकीतून आली, हे राउटरला कळत नाही आणि कळण्याचे कारणही नाही.

संकेतस्थळाशी जोडणी होण्यापूर्वी त्याच्या नावावरून अंकी पत्ता शोधावा लागतो. हे काम करणाऱ्या क्षेत्रनाम प्रणालीची रचना १९८३ मध्ये मांडली गेली. तीत हा प्रश्न उघड्या स्वरूपात विचारला जातो. तो पुष्कळदा राउटरमार्फतच पुढे जातो. त्यामुळे राउटरचा परवलीचा शब्द ज्याच्याजवळ आहे, त्याला राउटरमध्ये नोंदीची सोय असल्यास कोणत्या उपकरणाने कोणत्या वेळी कोणते नाव विचारले, हे पाहता येते. मुलांवर देखरेख ठेवण्यासाठी काही राउटरांत अशी सोय मुद्दामच दिलेली असते.

कूटबद्धतेची व्याप्ती : आज बहुतेक संकेतस्थळे कूटबद्ध जोडणी वापरतात. त्यामुळे वाचलेला मजकूर, शोधलेले शब्द व भरलेली माहिती वाटेत वाचता येत नाही. संकेतस्थळाचे नाव मात्र जोडणीच्या आरंभी बहुधा उघडच जाते. विश्वकोशासारख्या संकेतस्थळावर कोणता लेख वाचला, हे त्यावरून कळणार नाही. परंतु एखाद्या व्याधीला, घटस्फोटविषयक सल्ल्याला वा व्यसनमुक्तीला वाहिलेल्या संकेतस्थळाचे नाव हेच पुरेसे बोलके असते.

नावाचा प्रश्न कूटबद्ध करण्याच्या पद्धती २०१६ व २०१८ मध्ये प्रमाणित झाल्या. त्यांनी प्रश्न झाकला, तरी गंतव्य पत्ता झाकला जात नाही. व्हीपीएन वापरल्यास राउटर व सेवादाता या दोघांनाही केवळ व्हीपीएनशी झालेली जोडणी दिसते. पण मग विश्वास त्या कंपनीवर ठेवावा लागतो. भारतात सर्ट-इनच्या २०२२ मधील निर्देशानुसार अशा कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपावयाची आहे. उपकरणातच पाळत ठेवणारा कार्यक्रम बसविलेला असेल, तर यांपैकी कोणताही उपाय चालत नाही.

गैरसमज : या सोयीच्या नावामुळे तिच्याविषयी अवास्तव अपेक्षा निर्माण होतात. खाजगी खिडकीत गूगलच्या खात्यात प्रवेश केल्यानंतरही आपला शोध नोंदला जाणार नाही, असे मानणारे अनेक जण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४६० व्यक्तींच्या एका पाहणीत आढळले. इन्कॉग्निटो वापरतानाही माहिती गोळा केली जाते, या कारणावरून २०२० मध्ये कॅलिफोर्नियात गूगलविरुद्ध दावा दाखल झाला. २०२४ मधील तडजोडीत अशा अब्जावधी नोंदी नष्ट करण्यास कंपनीने मान्यता दिली. खिडकीवरील सूचनेचा मजकूरही बदलण्यात आला.

सामाजिक बाजू : घराची जोडणी सामान्यतः एकाच्या नावावर असते आणि राउटरची किल्लीही बहुधा त्याच्याच हाती असते. पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपणाचा मूलभूत हक्क मान्य केला, तो व्यक्तीचा हक्क म्हणून. परंतु गृहजालाच्या रचनेत घर हेच एकक धरले जाते. ज्या कुटुंबात परस्परविश्वास आहे, तेथे ही उणीव जाणवत नाही. घरातील छळातून सुटण्याचा मार्ग शोधणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत मात्र खाजगी खिडकीवरील चुकीचा भरवसा धोक्याचा ठरू शकतो. तिने मोबाइलच्या स्वतंत्र जोडणीचा उपयोग केल्यास घरचा राउटर टळतो. मोबाइलवरच पाळत असल्याची शंका असेल, तर घराबाहेरील विश्वासू व्यक्तीच्या उपकरणाचा आधार घेणे अधिक सुरक्षित होय. खाजगी ब्राउझिंगचे मोल ठरविताना माहिती कोणापासून लपवावयाची आहे, हा प्रश्न प्रथम विचारावा लागतो. तोच संगणक नंतर हाताळणारा, हे त्याचे उत्तर असेल, तेव्हाच ही सोय पुरेशी ठरते.