नाणं सापडलं, पण नेमकं कुठे? परदेशी जाणाऱ्या हौशी संग्राहकासाठी आणि आपल्यासाठीही

माझा आतेभाऊ मूळचा केजचा, सध्या नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये. तिथे त्याला एक नवा छंद लागलाय. शनिवार-रविवारी क्लबच्या लोकांबरोबर शेतात जायचं, हातात मेटल डिटेक्टर, कानात हेडफोन, आणि दिवसभर चिखल तुडवून एखादं बटण नाहीतर जुनं नाणं घेऊन परत यायचं. दिवाळीच्या आधी त्याचा मेसेज आला: "ताई, दोन प्रश्न आहेत. आजीच्या डब्यातली चारमिनारची नाणी इकडे क्लबात दाखवायला आणू का? आणि हे मशीन सुट्टीत गावाकडं आणून आपल्या रानात फिरवू का?"

दोन्ही प्रश्नांना उत्तर द्यायला मला एक आख्खी संध्याकाळ लागली. माझं पीएचडीचं काम बालाघाटच्या दोन्ही बाजूंच्या तांब्याच्या सुट्ट्या नाण्यांवर आहे, त्यामुळे "तू गूगल कर" असं म्हणायची सोय नव्हती. नंतर वाटलं, हेच उत्तर संशोधनाची तयारी करणाऱ्या तुम्हा सगळ्यांच्याही कामाचं आहे. कारण या छंदातले कायदे ज्या गोष्टीभोवती फिरतात, त्याच गोष्टीभोवती आपलं संशोधनही फिरतं: वस्तू कुठे मिळाली, कशासोबत मिळाली आणि ते कोणी लिहून ठेवलं का.

आधी आजीचा डबा. बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या घरांत निजामाचा हाली सिक्का हमखास निघतो. चारमिनारचं चित्र असलेला रुपया बघितला असेल तुम्ही. त्यावर साल हिजरी असतं आणि इथेच लोक फसतात. हिजरी सालाला ०.९७ ने गुणा आणि ६२२ मिळवा, इसवी सन साधारण कळतो. आजीच्या डब्यात एका रुपयावर १३३७ होतं, म्हणजे १९१८-१९. दुसऱ्यावर १३६२, म्हणजे १९४३. दिसायला दोघं जुळे भाऊ, पण कायद्याच्या नजरेत पहिला 'पुरावस्तू' आणि दुसरा नाही. १९७२ चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा शंभर वर्षं पूर्ण झालेल्या नाण्याला पुरावस्तू मानतो, आणि पुरावस्तू देशाबाहेर नेण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा त्याने नेमलेल्या संस्थेला आहे. तुम्हाला-मला नाही. विकायला नाही आणि दाखवायलाही नाही. मोडला तर सहा महिने ते तीन वर्षं कैद. शंभर वर्षांची ही रेघ दरवर्षी एक वर्ष पुढे सरकते, हेही ध्यानात असू द्या. मागच्या खेपेला चाललेलं नाणं पुढच्या खेपेला चालेलच असं नाही.

मग १९४३ चं नाणं न्यावं का? नेता येतं, पण विमानतळावरच्या कस्टम अधिकाऱ्याला हिजरी साल वाचता येईल अशा भरवशावर राहू नये. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'ही वस्तू पुरावस्तू नाही' असं प्रमाणपत्र घेता येतं. एका रुपयासाठी एवढा खटाटोप? मी भावाला सांगितलं, दोन्ही बाजूंचे नीट फोटो काढ, वजन लिही आणि नाणी डब्यातच राहू दे. क्लबातल्या लोकांना फोटोवरूनही पुरेसं कळतं.

आता त्याच्या तिकडच्या उद्योगाकडे वळू, कारण इंग्लंडची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. तिथे शेतमालकाची परवानगी असेल आणि जागा संरक्षित स्मारकाची नसेल, तर डिटेक्टर फिरवता येतो. पण १९९६ च्या ट्रेझर कायद्यानुसार काही वस्तू 'ट्रेझर' ठरतात. उदाहरणार्थ, तीनशे वर्षांहून जुनी आणि किमान १० टक्के सोनं किंवा चांदी असलेली दोन किंवा जास्त नाणी एकाच ठिकाणी मिळाली, तर चौदा दिवसांच्या आत कळवावं लागतं. नाणी तांब्या-पितळेची असतील तर दहा लागतात. संग्रहालयाने वस्तू घेतली तर बाजारभावाइतकं बक्षीस मिळतं आणि ते सहसा सापडवणारा आणि शेतमालक यांच्यात वाटलं जातं. बाकीच्या किरकोळ वस्तूंसाठी 'पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम' आहे. १९९७ पासून हौशी लोक आपापल्या वस्तू तिथल्या अधिकाऱ्याला दाखवतात, तो नोंद करतो, वस्तू बहुतेकदा परत मिळते. अशा पंधरा लाखांहून जास्त वस्तूंच्या नोंदी आज कुणालाही घरबसल्या बघता येतात. कित्येक पीएचडी निव्वळ या नोंदींवर झाल्यात.

भावाला हे माहीत होतं. माहीत नव्हतं ते पुढचं. ब्रिटनच्या मातीतून निघालेली पन्नास वर्षांहून जुनी पुरातत्त्वीय वस्तू देशाबाहेर न्यायची तर निर्यात परवाना लागतो, तिची किंमत कितीही कमी असो. म्हणजे रानात मिळालेलं रोमन नाणं 'आठवण म्हणून' खिशात घालून केजला आणणं हाही गुन्हाच. आणि इंग्लंडचा नियम शेजारी चालत नाही. स्कॉटलंडमध्ये अशा बेवारस जुन्या वस्तूंवर राजसत्तेचा हक्क असतो आणि त्या कळवाव्याच लागतात. आयर्लंडमध्ये १९८७ पासून परवानगीशिवाय पुरावस्तू शोधायला डिटेक्टर वापरणंच बेकायदा आहे. फ्रान्समध्ये तिथल्या प्रशासनाची लेखी परवानगी लागते. एका सुट्टीत तीन देश फिरणाऱ्याने मशीन घरी ठेवलेलं बरं.

हे सगळं एवढं कडक का? मला याचं सगळ्यात चांगलं उत्तर २०१५ सालच्या दोन घटनांत मिळालं. त्या वर्षी इंग्लंडमध्ये दोन वेगवेगळ्या ठिकाणी नवव्या शतकातली, व्हायकिंग काळातली चांदीची नाणी सापडली. ऑक्सफर्डशरमध्ये वॉटलिंग्टनजवळ एका निवृत्त गृहस्थाला ठेव्याची चाहूल लागली. त्याने खोदणं थांबवलं आणि अधिकाऱ्याला फोन केला. तज्ज्ञांनी मातीचा आख्खा ढेकूळ उचलून प्रयोगशाळेत नेला. जवळपास दोनशे नाणी निघाली. त्यातल्या काहींवर दोन सम्राट शेजारी शेजारी बसलेले. वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा चेओलवुल्फ या दोघांनी एकच नक्षी वापरून नाणी पाडली होती. आल्फ्रेडच्या बाजूने लिहिल्या गेलेल्या बखरीत या चेओलवुल्फला मूर्ख म्हणून उडवून लावलंय. नाणी सांगतात की काही काळ तरी दोघं बरोबरीचे भागीदार होते. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयाने हा ठेवा साडेतेरा लाख पौंडांना विकत घेतला.

त्याच वर्षी हेरफर्डशरमध्ये दोघांना तशाच काळातला ठेवा सापडला. साधारण तीनशे नाणी असावीत असा अंदाज आहे. त्यांनी कळवलं नाही, गुपचूप विकायला काढली. २०१९ मध्ये दोघांना तुरुंगवास झाला, पण हाती लागली जेमतेम तीसेक नाणी. त्यांच्यातही तीच दोन सम्राटांची नक्षी होती. उरलेल्या नाण्यांत काय होतं, सगळ्यात उशिराचं नाणं कोणतं, ठेवा कधी पुरला गेला, हे आता कोण सांगणार?

हा 'सगळ्यात उशिराचं नाणं' मुद्दा जरा थांबून समजून घ्या, तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. ठेवा त्याच्यातल्या शेवटच्या नाण्याच्या आधी पुरलेला असू शकत नाही. त्यामुळे नव्व्याण्णव जुनी नाणी आणि एक नवं असेल, तर तारीख ठरवतं ते एक. आणि वाटावाटीत नेमकं तेच एक हरवतं.

आपल्याकडे याचं याहून मोठं उदाहरण आहे, आणि तेही डिटेक्टरच्या कितीतरी आधीचं. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. १३,२५० च्या वर नाणी, सगळी क्षत्रप नहपानाची. त्यातल्या ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा वरून मारला होता. म्हणजे हरलेल्या राजाचा पैसा जिंकलेल्याने आपल्या नावाने पुन्हा चालवला. नाशिकच्या लेण्यातला शिलालेख गौतमीपुत्राने क्षहरातांचा नायनाट केल्याचं सांगतो, आणि हा साठा त्याला साक्ष देतो. पण समजा, ती नाणी सुटी सुटी बाजारात आली असती. एखाद-दुसऱ्या नाण्यावर दुहेरी ठसा दिसला असता, पण प्रमाण कळलं असतं का? दोन-तृतीयांशाहून जास्त नाण्यांवर ठसा आणि उरलेल्यांवर नाही, हा पुरावा फक्त आख्ख्या साठ्यातच असतो.

आता भावाचा दुसरा प्रश्न: मशीन गावाकडं आणू का? मी सरळ नाही म्हटलं. एक कारण कायद्याचं. संरक्षित स्मारकाच्या जागेत खोदता येत नाहीच, पण १९५८ च्या कायद्यानुसार असंरक्षित जागीही राज्य सरकारला उत्खनन करायचं तर केंद्राची मंजुरी घ्यावी लागते. राज्य सरकारची ही गत, तिथे आपण फावडं घेऊन कुठे निघालो?

दुसरं कारण मातीचं, आणि मला ते जास्त आवडतं. डिटेक्टरची तबकडी जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते, त्यामुळे धातूत प्रवाह उमटतो आणि त्याचा प्रतिसाद मशीन ऐकतं. चांदी, तांबं ठणठणीत बोलतात. शिसं आणि पोटीन मात्र दबक्या आवाजात बोलतात, आणि सातवाहनांची पुष्कळ नाणी नेमकी याच धातूंची. चॉकलेटची चांदी आणि सातवाहन नाणं यांचा आवाज मशीनला जवळजवळ सारखा वाटू शकतो. त्यात आपली काळी माती बेसाल्टपासून बनलेली. तिच्यातल्या चुंबकीय खनिजांमुळे मशीन उगाचच कुरकुरत राहतं. आणि उन्हाळ्यात आपल्या रानाला भेगा पडतात, हे तुम्ही पाहिलेलंच आहे. वर पडलेलं नाणं भेगेतून खाली जातं, पावसात भेग मिटते. म्हणून काळ्या रानात 'हातभर खाली मिळालं, म्हणजे फार जुनं' हा हिशोब चालत नाही. प्रबंधात खोलीवरून काळ काढायच्या आधी माती कोणती ते लिहा.

तसं पाहिलं तर मशीनशिवाय शोधणारे आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. सोनारांच्या दुकानासमोरची माती धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी गोदावरीच्या पात्रातही उतरत. अशा शोधांतून बरीच जुनी नाणी बाजारात आणि मग संग्रहांत गेली. सातवाहन नाण्यांचा अभ्यास या संग्रहांशिवाय पुढे गेलाच नसता, हे कबूल केलं पाहिजे. शैलेन्द्र भांडारे यांनी मुंबई विद्यापीठात सातवाहन नाण्यांवरच पीएचडी केली आणि पुढे ते त्याच ॲशमोलियनमध्ये दक्षिण आशियाई नाण्यांचे अभ्यासक झाले. संग्राहक म्हणजे चोर, असं मी म्हणणार नाही. ज्या संग्राहकाने चिठ्ठीवर गावाचं नाव लिहून ठेवलं, त्याचे उपकार आहेत. ज्याने फक्त 'दुर्मीळ' लिहिलं, त्याच्या नाण्याशी मी काय करू?

हे मी चिडून लिहितेय, कारण ही माझ्या घरातली गोष्ट आहे. माझं आजोळ पाथर्डी तालुक्यात, बीडच्या हद्दीला लागून. काही वर्षांपूर्वी मामाच्या रानात शेततळं खोदताना जेसीबीच्या दातात गाडगं फुटलं आणि तांब्याची नाणी सांडली. मामा म्हणतो, "दोन ओंजळी असतील की." जेसीबीवाल्याने मूठभर नेली, पोरांनी खेळायला घेतली, उरलेली किलोच्या भावाने भंगारात गेली. १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो की दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं. हो, आजही दहाच रुपये. मालक कुणी निघाला नाही, तर तीन-चतुर्थांश सापडवणाऱ्याचं आणि एक-चतुर्थांश जमीनमालकाचं. सरकारने ठेवून घेतलं तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा मिळतो. मामाला वाटलं होतं, कळवलं तर रान जाईल. गावात सगळ्यांना तेच वाटतं.

माझा प्रश्नच असा होता की हद्दीवरच्या बाजारात शिवराई आणि निजामाचं तांबं एकत्र चालायचं का. त्याचं उत्तर कदाचित त्या गाडग्यात होतं. मामाकडे तीन नाणी उरलीत, तिन्ही दुदांडी शिवराई. दोन मामीने चिंच आणि पितांबरी लावून लखलखीत केली होती! (नाणी घासू नका. वरचा थर गेला की अक्षरांच्या कडाही जातात.)

तरी त्या तीन नाण्यांची मी रीतसर नोंद केली. वजन शंभरांश ग्रॅमपर्यंत, व्यास, दोन्ही बाजूंचे फोटो मोजपट्टीसह, आणि ठशांची दिशा. ही दिशा काढणं सोपं आहे: नाणं उभं सरळ धरा, उभ्या अक्षावर फिरवा आणि मागच्या चित्राचं डोकं घड्याळाच्या कोणत्या आकड्याकडे आहे ते लिहा. शिवाय गट नंबर, मातीचा प्रकार, गाडगं किती खोल होतं, कुणी सांगितलं, किती वर्षांनी सांगितलं. 'हरवलेली नाणी' असाही एक रकाना ठेवला आणि त्यात मामाच्या शब्दांत 'दोन ओंजळी' लिहिलं. मार्गदर्शकांनी तो खोडला नाही.

भाऊ दिवाळीला आला तो मशीनशिवाय. येताना माझ्यासाठी शंभरांश ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा घेऊन आला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पाथर्डीला गेलो, जेसीबीवाल्याचं घर शोधायला. त्याच्या आईने देव्हाऱ्यातून हळदी-कुंकवाने माखलेली चार नाणी काढून दाखवली. तीन शिवराई. चौथ्यावर फारसी अक्षरं. फोटो घेऊ दिला, पण हातात काही दिलं नाही. तिथल्या तिथे, पाटावर काटा ठेवून, चारही वजनं लिहून घेतली.