कुंडीतील फुटबॉल लिलीची निगा

वळवाचा एखादा पाऊस होऊन गेला की मे महिन्याच्या अखेरीस घराच्या ओट्यावरील कोरड्या कुंडीतून एक जाड दांडा वर येतो आणि त्याच्या टोकाला चेंडूसारखे लालभडक फूल उमलते. त्या वेळी पाने नसतात किंवा नुकती डोकावू लागलेली असतात. हीच फुटबॉल लिली. मे महिन्यात फुलते म्हणून तिला 'मे फ्लॉवर' असेही म्हणतात. दिसायला ते एक फूल असले तरी प्रत्यक्षात तो शंभराच्या आसपास बारीक फुलांचा गुच्छ असतो. ही वनस्पती मूळची उष्ण कटिबंधीय आफ्रिकेतील.

फुलाचा बहर जेमतेम आठवडा-दहा दिवसांचा. उरलेले वर्ष कुंडीची निगा कशी राखावी याविषयी मात्र गैरसमज आहेत. "पहिल्या वर्षी फूल आले, नंतर नुसती पानेच" किंवा "दिवाळीनंतर झाड मेले" अशा तक्रारी नेहमी ऐकू येतात. दुसऱ्या तक्रारीतील झाड बहुधा मेलेले नसते. ते विश्रांती घेत असते आणि आपण जगवण्यासाठी पाणी घालून त्याचा कंद कुजवतो.

कांद्याचेच भावबंद

नाशिकच्या शेतकऱ्याला ही गोष्ट समजण्यास अवघड नाही. २००९ मध्ये वनस्पतीशास्त्रज्ञांनी जे सुधारित वर्गीकरण केले, त्यात कांदा व लसूण यांचा समावेश अमॅरिलिडेसी या कुळात झाला. फुटबॉल लिली याच कुळातील आहे. दोन्हींच्या कंदात पापुद्र्यांमध्ये अन्न साठवलेले असते. कांद्याची मान पडू लागली की आपण पाणी तोडतो, काढलेला कांदा पातीसह सुकवतो आणि मान मिटल्यावरच चाळीत भरतो. ओल्या मानेचा कांदा चाळीत टिकत नाही, हे लासलगाव-निफाड भागात कोणाला सांगावे लागत नाही. लिलीच्या कंदालाही हाच नियम लागू आहे.

फरक आहे तो फुलाचा. कांद्याला डेंगळा आला म्हणजे आपले नुकसान, येथे डेंगळाच हवा असतो! शिवाय कांद्याला डेंगळे येण्यास थंडी कारणीभूत होते, तर फुटबॉल लिलीचा कंद कोरड्या विश्रांतीनंतर उन्हाळ्याच्या उबेने जागा होतो.

कुंडी व माती

आठ ते दहा इंची मातीची कुंडी पुरे. फार मोठी कुंडी घेऊ नये, तिच्यात ओल साचून राहते. आपल्याकडील भारी काळी माती एकटी वापरल्यास निचरा होत नाही. म्हणून दोन भाग पोयट्याची माती, एक भाग जाड वाळू व एक भाग चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण करावे. तळाच्या छिद्रावर खापराचे तुकडे ठेवावेत. कंद मार्च-एप्रिलमध्ये लावावा आणि त्याची मान मातीच्या पातळीला ठेवावी. कोंब दिसेपर्यंत माती जेमतेम ओलसर राहील इतकेच पाणी द्यावे.

सकाळचे कोवळे ऊन व नंतर उजेडाची सावली मिळेल अशी पूर्वेकडील ओसरी किंवा गॅलरी उत्तम. पश्चिमेच्या उन्हाने पाने करपतात. घरात अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवल्यास पाने लांबट होतात व पुढच्या वर्षी फूल हुकते.

पाने हीच पुढील वर्षाची बेगमी

फूल वाळल्यावर दांडा कापावा, पाने मात्र कापू नयेत. जून ते सप्टेंबर या काळात पाने जे अन्न तयार करतात, त्यावरच पुढील फूल अवलंबून असते. "नुसती पाने" या तक्रारीचे मूळ बहुधा अपुऱ्या उजेडात किंवा जादा नत्रात असते. युरियाचा मोह टाळावा. द्राक्ष बागायतदारांकडे १९:१९:१९ हे विद्राव्य खत असतेच. ते लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात महिन्यातून एकदा द्यावे. ऑगस्टनंतर त्याऐवजी ०:०:५० त्याच प्रमाणात द्यावे. चुलीची राख घालण्याची पद्धत आहे, परंतु आपल्या चुनखडीयुक्त जमिनी आधीच विम्लधर्मी असल्याने राख न घातलेली बरी.

पावसाळ्यात काळ्या अंगावर पांढरे व तांबडे ठिपके असलेली लिलीची अळी पाने फस्त करते. चार-दोन कुंड्यांसाठी फवारणी कशाला? अळ्या हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. पिठ्या ढेकूण दिसल्यास ओल्या फडक्याने पुसून काढावा.

विश्रांतीचा काळ

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाने पिवळी पडू लागली की पाणी कमी करत जावे व पाने वाळल्यावर पूर्ण बंद करावे. कंद उपटू नये. कुंडी ओसरीत, अवकाळी पावसाचा थेंब लागणार नाही अशा जागी आडवी करून ठेवावी. निफाड भागात काही वर्षी किमान तापमान ५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरते, तेव्हा कुंडी घरात घ्यावी. कोरडा कंद थंडी काढतो, ओल्या मातीतील कंद मात्र सडतो. शंका आल्यास कंद बोटाने दाबून पाहावा. घट्ट असल्यास काळजी नाही. मऊ लागल्यास बाहेर काढून सडलेला भाग कापावा, कॉपर ऑक्सिक्लोराइडच्या द्रावणात (लिटरला ३ ग्रॅम) थोडा वेळ बुडवावा आणि सावलीत सुकवून नव्या मातीत लावावा.

महत्त्वाची सूचना : या कंदात विषारी अल्कलॉइड असतात. खाल्ल्यास मळमळ, उलट्या, जुलाब होतात व जादा प्रमाणात धोका संभवतो. सोललेला कंद लहान कांद्यासारखा दिसतो. म्हणून तो स्वयंपाकघरात, चाळीत किंवा कांद्याच्या टोपलीशेजारी कधीही ठेवू नये. काढलेले कंद चिठ्ठी लावून वेगळ्या डब्यात उंचावर ठेवावेत. कुंडी लहान मुले व शेळ्या-वासरांपासून दूर असावी. अमॅरिलिसच्या कंदालाही हीच खबरदारी लागू आहे.

कुंडी दरवर्षी बदलू नये. दाटीतही ही लिली चांगली फुलते. तीन-चार वर्षांनी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, बाजूला सुटलेले पिल्ले कंद मुळांसह वेगळे करून लावावेत. लहान कंदांना फूल येण्यास दोन-तीन वर्षे लागतात. तोवर त्यांची पानेच जोपासावीत.