वारशातील कर्करोग : चाचणीपूर्वीचा विचार

पेढीचा वारसा कोणाकडे जाणार, याची चर्चा व्यापारी कुटुंबांत वेळेवर होते. शरीराच्या वारशाची मात्र होत नाही. आजीला बीजांडकोशाचा आणि आत्याला चाळिशीपूर्वीच स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर घरातील पुढच्या पिढीने जनुकीय चाचणी करून घ्यावी काय?

बहुतेक कर्करोग आनुवंशिक नसतात. स्तनाच्या कर्करोगांपैकी सुमारे ५ ते १० टक्केच वारशाने आलेल्या जनुकीय दोषामुळे होतात. १९९४ आणि १९९५ मध्ये ओळखली गेलेली बीआरसीए-१ व बीआरसीए-२ ही जनुके त्यांत प्रमुख होत. आई किंवा वडील यांपैकी एकाकडे दोष असल्यास प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. वडील स्वतः निरोगी राहूनही तो दोष मुलीकडे पोहोचू शकतो. पुरुषांतही त्यामुळे प्रोस्टेटच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

चाचणी रक्ताची किंवा लाळेची असते. शक्य असेल तर ती प्रथम रुग्णाचीच करावी. तिथे नेमका दोष सापडला, तर इतर नातलगांना स्पष्ट उत्तर मिळते. तसे न करता केवळ निरोगी व्यक्तीची चाचणी केली, तर ‘दोष आढळला नाही’ हा अहवाल पुरता निर्धास्त करीत नाही. काही वेळा ज्याचा अर्थ अद्याप लागलेला नाही, असाही बदल आढळतो. केवळ त्यावरून शस्त्रक्रिया ठरवू नये.

दोष असणे म्हणजे रोग असणे नव्हे. बीआरसीए दोष असलेल्या सुमारे ७० टक्के स्त्रियांना ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होतो. उरलेल्यांना होत नाही. धोका आधी कळल्यास लहान वयापासून एमआरआय तपासणी करता येते आणि अपत्ये झाल्यावर बीजांडकोश काढण्याचा विचार करता येतो.

खरी अडचण बहुधा वैद्यकीय नसतेच. ‘मुलीच्या लग्नाचे काय?’ या एका प्रश्नापाशी विषय मिटवला जातो. परंतु दोष मुलाकडेही तितकाच येऊ शकतो, आणि त्याच्या विवाहाच्या वेळी हा प्रश्न कोणी काढीत नाही. लपवल्याने जनुक बदलत नाही. फक्त वेळेवर तपासणी करण्याची संधी हातची जाते.

म्हणून नमुना देण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवाव्यात : दोष निघाल्यास काय करणार, कोणाला सांगणार आणि विम्याच्या प्रस्तावपत्रात आरोग्याविषयी कोणते प्रश्न आहेत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या संस्थांत जनुकीय समुपदेशन मिळते. ते चाचणीच्या आधी घ्यावे.

निर्णय ज्याचा त्याने, सज्ञान झाल्यावर घ्यावा. वडीलधाऱ्यांनी सक्ती करू नये, तशी आडकाठीही करू नये. त्यांनी एवढे मात्र अवश्य करावे : घरात कोणाला, कोणत्या वयात, कोणता कर्करोग झाला, हे मुलांना खरेखरे सांगावे.