पुन्हा सप्तपदी, मॉरिशसच्या किनाऱ्यावर

लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला आई-वडिलांनी परदेशात पुन्हा सप्तपदी चालावी असं मुलांनी ठरवलं, तर मॉरिशससारखी सोयीची जागा नाही. भारतीय पर्यटकांना विमानतळावरच मोफत व्हिसा मिळतो. परतीचं तिकीट आणि मुक्कामाचं बुकिंग मात्र हाताशी हवं. मुंबईहून थेट विमानानं सुमारे सहा तास, घड्याळातला फरक दीड तासाचाच, त्यामुळे ज्येष्ठांची दमणूक कमी. हा देश दक्षिण गोलार्धात असल्यानं आपल्याकडे धो धो पाऊस असतो तेव्हा तिथे कोरडा, सुखद हिवाळा असतो. चक्रीवादळांचा धोका जानेवारी ते मार्चमध्ये सर्वाधिक. वाढदिवस तेव्हाच येत असेल तर सोहळा खुशाल पुढे ढकलावा.

आधीच विवाहित असलेल्या जोडप्याचा हा सोहळा कायद्यानं नवा विवाह ठरत नाही, म्हणून विवाहनोंदणीही लागत नाही. मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आहेत, गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. मंगलाष्टकं म्हणणाऱ्या पुरोहितांची चौकशी तिथेच करावी. हार-फुलंही तिथलीच घ्यावीत. प्रवास विमा काढताना ज्येष्ठांचे जुने आजार अजिबात लपवू नका.