एक मंदिर, तीन छायाचित्रे

कन्नौदहून खातेगावमार्गे नेमावरला गेले, की नर्मदेच्या उत्तर तीरावर सिद्धनाथाचे परमारकालीन मंदिर दिसते. भर दुपारी त्याच्या मंडपात उभे राहून बाहेर पाहावे. खांबांवरील कोरीव काम आणि बाहेरचे लखलखते ऊन ही दोन्ही आपल्या डोळ्यांना दिसतात. परंतु तेच दृश्य छायाचित्रात टिपू गेल्यास निराशा पदरी येते. खांब स्पष्ट आले तर आकाश पांढरेफटक पडते. आकाश साधले तर खांब काळोखात बुडतात. असे का व्हावे?

दृष्टी जिकडे वळेल तेथील उजेडाशी डोळा जुळवून घेत असतो. कॅमेऱ्याला मात्र सारे दृश्य एकाच मापाने मोजावे लागते. उजेड दुप्पट झाला की छायाचित्रकार त्यास एक ‘स्टॉप’ म्हणतात. दहा स्टॉप म्हणजे १०२४ पट! ऊन आणि मंडपाचा अंधारा कोपरा यांत एवढे अंतर सहज पडू शकते.

यावरील उपायाची कल्पना जुनी आहे. फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५० नंतरच्या दशकात समुद्रासाठी एक आणि आकाशासाठी दुसरी काच वापरून दोन्ही एकाच कागदावर छापली. पुढे १९९७ मध्ये पॉल डेबेवेक आणि मथुरेत जन्मलेले जितेंद्र मलिक यांनी अनेक छायाचित्रांवरून दृश्यातील प्रकाशाचे प्रमाण संगणकाने काढण्याची रीत प्रसिद्ध केली.

कृती सोपी आहे. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवावा. भिंगाचे छिद्र बदलू नये. केवळ झडपेचा वेळ बदलावा. पहिले चित्र १/६० सेकंदाचे, दुसरे १/१५ चे व तिसरे १/४ चे घेतले, तर प्रत्येक वेळी प्रकाश सुमारे चौपट होतो. यालाच ‘ब्रॅकेटिंग’ म्हणतात. पहिल्यातून आकाश, तिसऱ्यातून खांब आणि दुसऱ्यातून मधला भाग घेऊन संगणक एक चित्र सिद्ध करतो. मात्र तेवढ्यात कोणी चालत गेले, तर त्याची भुतासारखी पुसट छाया उमटते.

येथे संयम हवा. सावल्या अवाजवी उजळल्या तर चित्र भडक होते आणि मंडपाची गंभीर शांतता हरवते. दगड हळूहळू झिजत असतात. उद्या त्यांची साक्ष छायाचित्रांनाच द्यावी लागेल. ती साक्ष खरी असावी, एवढी काळजी आपण घेतलीच पाहिजे.